ताऱ्यांच्या युद्धातला वाद्यवृंद

गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्या चौसष्ट कलांची जुनी यादी काढून पाहिली, तर गीत, वाद्य आणि नृत्य या तीन कला अगदी सुरुवातीलाच येतात. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत वाद्यांवर एक लेख असावा यात नवल नाही. नवल वाटलेच तर आम्ही निवडलेल्या वाद्यांचे वाटेल. हा लेख ना सनई-चौघड्याचा आहे, ना संवादिनीचा. तो आहे ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटमालेच्या संगीताचा. व्हायोलिन, हॉर्न, ट्रम्पेट आणि टिंपनी वाजवणाऱ्या ऐंशी-नव्वद माणसांचा.

आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत या चित्रपटांचे दोन प्रकारचे प्रेक्षक आढळतात. मुले-नातवंडे अवकाशयाने आणि प्रकाशाच्या तलवारी पाहतात. त्यांच्या शेजारी बसलेले आजी-आजोबा थोड्या वेळाने कंटाळून डोळे मिटतात. आम्ही डोळे मिटणाऱ्यांपैकी. पण डोळे मिटल्यावर कान उघडे राहिले आणि लक्षात आले, की पडद्यामागे फार मोठे काहीतरी चालले आहे. मग ते संगीत आम्ही वेगळे काढून ऐकू लागलो, त्याचा इतिहास धुंडाळू लागलो. हा इतिहास लॉस एंजेलिसमधून व्हिएन्नाला जातो, लंडनला जातो, आणि वाटेत मुंबईला व गोव्यालाही स्पर्श करतो. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा प्रपंच.

निर्वासितांनी आणलेले सूर

चित्रपट बोलू लागले त्या काळात हॉलिवूडकडे स्वतःचे असे पार्श्वसंगीत नव्हते. ते उभे केले युरोपातून आलेल्या माणसांनी. १९३३च्या ‘किंग काँग’ला संगीत देणारा मॅक्स स्टायनर मूळचा व्हिएन्नाचा. एरिक कोर्नगोल्ड हाही व्हिएन्नात वाढलेला, लहानपणीच संगीतरचनांसाठी नावाजला गेलेला. १९३८ साली ‘रॉबिन हूड’च्या संगीतासाठी तो अमेरिकेत असतानाच हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू असलेल्या कोर्नगोल्डला परतायला घर उरले नाही. रॉबिन हूडने आपला जीव वाचवला, असे तो पुढे म्हणत असे. फ्रान्झ वॅक्समनला बर्लिनच्या रस्त्यात नाझींनी मारहाण केली होती. तोही देश सोडून अखेर हॉलिवूडला पोहोचला.

या मंडळींनी सोबत काय आणले? सामानसुमान फारसे नव्हतेच. पण जर्मन ऑपेराची सगळी विद्या डोक्यात होती. त्या विद्येचा मोठा आचार्य रिचर्ड वॅग्नर. चार रात्री चालणारे त्याचे ‘निबेलुंगची अंगठी’ हे संगीतनाट्य १८७६ साली बायरॉइट येथे प्रथम सलग सादर झाले. त्यात प्रत्येक पात्राला, वस्तूला, भावनेला स्वरांची एक छोटी खूण दिलेली असते. तलवारीची खूण वेगळी, शापाची वेगळी. ती खूण ऐकू आली, की ते पात्र रंगमंचावर नसले तरी त्याची आठवण होते. दारावरची कडी कशी वाजली यावरून कोण आले हे घरातल्यांना कळते, तसेच हे. बायरॉइटला वाद्यवृंद रंगमंचाखाली, प्रेक्षकांना दिसणार नाही असा बसवलेला होता. पुढे चित्रपटात वाद्यवृंद अदृश्यच राहायचा होता, त्याची ही जणू तालीम.

हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत पगारी वाद्यवृंद असत. १९५८ साली वादकांच्या संपानंतर ते मोडले. साठीच्या दशकात हवा बदलली. १९६७च्या ‘द ग्रॅज्युएट’मध्ये सायमन आणि गारफंकल यांची गाणी गाजली, १९६९च्या ‘ईझी रायडर’मध्ये रॉक संगीत होते. निर्मात्यांना खपणारे गाणे हवे होते. ऐंशी वादकांचा खर्च कोणाला नको होता. विज्ञानपटांचे तर आणखी वेगळे. अवकाश म्हटले, की विजेवर चालणाऱ्या यंत्रांचे चमत्कारिक आवाज, हा संकेत रूढ झाला होता. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’चे सबंध संगीत बॅरन दांपत्याने इलेक्ट्रॉनिक मंडलांतून काढले होते. १९६८ साली स्टॅन्ली क्युब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ केला, तेव्हा संगीतकार ॲलेक्स नॉर्थने खास लिहिलेले संगीत बाजूला ठेवून श्ट्राउस वगैरेंच्या जुन्या रचनाच वापरल्या. जुना सिंफनी वाद्यवृंद आता चित्रपटासाठी नवे काही बोलू शकत नाही, असाच समज पसरत चालला होता.

१९७७

अशा वेळी जॉर्ज लुकास नावाच्या तरुण दिग्दर्शकाने अवकाशातल्या शेतकरी मुलाची, राजकन्येची आणि काळ्या शिरस्त्राणातल्या खलनायकाची गोष्ट घेतली. स्टीव्हन स्पीलबर्गने त्याला जॉन विल्यम्सचे नाव सुचवले. विल्यम्सला ‘जॉज’च्या संगीताबद्दल नुकतेच ऑस्कर मिळाले होते.

विल्यम्स १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. वडील तालवादक. मुलगा पियानो शिकला, हवाई दलात असताना बँडसाठी संगीत लिहू लागला, पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत शिकला आणि मग हॉलिवूडच्या स्टुडिओंत पियानोवादक म्हणून बसू लागला. आल्फ्रेड न्यूमन, वॅक्समन अशा जुन्या पिढीच्या हाताखाली त्याने काम केले. आपल्याकडे गवई गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो आणि बसल्या बसल्या गाणे कानात मुरते, तसेच हे शिक्षण. व्हिएन्नाहून निघालेली विद्या अशी एका अमेरिकन मुलाच्या हाती आली.

लुकासने कच्च्या चित्रपटावर तात्पुरते जुने अभिजात संगीत लावून पाहिले होते. त्यावरून दोघांचा विचार पक्का झाला. पडद्यावरचे सगळेच अनोळखी आहे: ग्रह, यंत्रे, विचित्र जीव. मग कानांना तरी ओळखीचा आधार हवा. शौर्य, विरह, भीती या भावना माणसांच्याच आहेत, तर त्या माणसांनी वाजवलेल्या जुन्या वाद्यांतूनच याव्यात.

मार्च १९७७मध्ये लंडनजवळ डेनहॅम येथील अँव्हिल स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने हे संगीत ध्वनिमुद्रित केले. हा वाद्यवृंद १९०४ साली वादकांनीच उभा केलेला आणि वादकच चालवतात असा. सुमारे दोन तासांच्या चित्रपटासाठी जवळजवळ दीड तासाचे संगीत विल्यम्सने लिहिले होते.

इथे एका वादकाची ओळख करून द्यायला हवी. चित्रपटाच्या आरंभी पिवळी अक्षरे वर सरकू लागतात तेव्हा जो ट्रम्पेट आकाश फाडून बाहेर येतो, तो मॉरिस मर्फी याचा. प्रमुख ट्रम्पेटवादक म्हणून तो या वाद्यवृंदात तेव्हा नुकताच रुजू झाला होता. त्याआधी तरुणपणी तो यॉर्कशरमधल्या ब्लॅक डाइक मिल्स बँडमध्ये कॉर्नेट वाजवत असे. हा बँड एका कापडगिरणीचा. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरण्या आणि खाणींत कामगारांचे असे पितळी बँड पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. म्हणजे दूरच्या आकाशगंगेचे दार ज्या फुंकरीने उघडते, ती फुंकर गिरणीच्या बँडमध्ये तयार झालेली. लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवणाऱ्यांकडे आपण फारसे वळूनही पाहत नाही. त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे, म्हणून हे सांगितले.

२५ मे १९७७ रोजी चित्रपट झळकला. त्याच्या संगीताची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका, जिच्यात गाणे असे एकही नाही, लाखोंनी खपली. विल्यम्सला पुन्हा ऑस्कर मिळाले. त्यापुढच्या काही वर्षांतच ‘सुपरमॅन’, ‘स्टार ट्रेक’, ‘इंडियाना जोन्स’, ‘ई. टी.’ अशा चित्रपटांत मोठे वाद्यवृंद वाजू लागले. जुने झाले म्हणून माळ्यावर टाकलेले वाद्य कोणीतरी खाली काढावे, धूळ झटकावी आणि ते सुरात निघावे, असा हा प्रकार झाला.

आमच्या आवडीचे काही तुकडे

मूळ मालेत नऊ चित्रपट आहेत. १९७७ ते १९८३, १९९९ ते २००५ आणि २०१५ ते २०१९ अशा तीन टप्प्यांत ते आले. नऊंचेही संगीत एकाच माणसाचे. बेचाळीस वर्षांच्या या कामातून निवड करताना आमच्यात वादावादी झाली. पण पुढच्या तुकड्यांवर बहुतेकांचे एकमत झाले.

पहिली अर्थातच आरंभीची धून. ती षड्जावरून थेट पंचमावर झेप घेते आणि मग तार षड्जाला हात लावून येते. संवादिनीवर वाजवून पाहिली तर मुलांनाही दोन मिनिटांत बसते. साध्या, शुद्ध स्वरांची धून आहे, म्हणूनच ती जगभर तोंडी झाली. चित्रपटाआधी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीची जी तुतारी वाजते, ती आल्फ्रेड न्यूमनने १९३३ साली रचलेली. विल्यम्सने आपली धून मुद्दाम त्याच पट्टीत बांधली. ज्याच्या हाताखाली उमेदवारी केली, त्या माणसाच्या सुरात सूर मिळवून काम सुरू करणे आम्हांला फार मराठी वाटले. गुरुवंदनेशिवाय आपलीही मैफल सुरू होत नाही.

दुसरी, आणि आमच्या मते सर्वांत सुंदर, दोन सूर्यांच्या मावळतीची. ल्यूक नावाचा मुलगा वाळवंटात उभा आहे, क्षितिजावर दोन सूर्य बुडताहेत, आणि त्याला घर सोडून दूर जायचे आहे. तो एक शब्दही बोलत नाही. हॉर्नवर एक धून उठते: मंद्र पंचमावरून षड्जावर येते, कोमल गंधाराकडे चढते, आणि मग सगळी व्हायोलिने ती उचलून धरतात. या प्रसंगासाठी विल्यम्सने आधी वेगळे संगीत लिहिले होते. लुकासला ते पटले नाही, म्हणून हे पुन्हा लिहिले गेले. या धूनला आज ‘फोर्स’ची, म्हणजे विश्वात भरून राहिलेल्या शक्तीची धून म्हणतात. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, संस्थानिकांच्या चाकरीसाठी ज्यांच्या पूर्वजांनी घाट उतरून गाव सोडले, त्या आपल्यासारख्या घरांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

तिसरी राजकन्या लेयाची. बासरी आणि हॉर्न यांची हळुवार धून. गंमत अशी, की पहिल्या चित्रपटात वृद्ध गुरू ओबी-वान मरतो, तेव्हा हीच धून पूर्ण ताकदीने वाजते. तिथे लेयाचा तसा थेट संबंध नाही. पण त्या क्षणाला जो विस्तीर्ण भाव हवा होता, तो या धूनमध्ये आहे असे विल्यम्सला वाटले. नियम माहीत असूनही तो कुठे मोडावा हे ज्याला कळते, तो खरा जाणकार.

चौथी खलनायक डार्थ व्हेडरची कूच. पुष्कळांना वाटते, की ती पहिल्यापासून आहे. पण ती १९८०च्या दुसऱ्या चित्रपटात आली. बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाचा संचालक म्हणून विल्यम्सने सूत्रे घेतली, त्या एप्रिल महिन्यातल्या मैफलीत, चित्रपट लागण्याआधीच, ती श्रोत्यांना ऐकवली गेली. षड्जावर तीन वेळा बूट आपटल्यासारखा ठोका, मग खाली कोमल धैवत आणि वर कोमल गंधार. एवढ्या चार-दोन स्वरांत सगळी हुकूमशाही उभी राहते.

या कुचेचे खरे मोल मात्र तिच्या शेवटात आहे. १९८३च्या चित्रपटात व्हेडर मरतो. मुलाच्या हातांनी त्याचे शिरस्त्राण निघते आणि आत एक थकलेला, पांढराफटक म्हातारा दिसतो. तेव्हा तीच कूच वाजते, पण ढोल-तुताऱ्यांवर नाही. नाजूक वाद्ये ती हलकेच, विसरत चालल्यासारखी वाजवतात आणि शेवटचे स्वर हार्पच्या तारांवर विरून जातात. १९९९च्या चित्रपटात तोच माणूस नऊ वर्षांचा निरागस मुलगा म्हणून भेटतो. त्याची धून गोड आहे. पण नीट कान दिला तर तिच्या शेवटी त्या कुचेची सावली सापडते. पुढे काय होणार हे मुलाला माहीत नाही, त्याच्या आईला माहीत नाही. फक्त वाद्यवृंदाला माहीत आहे. आपल्या कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक शब्द पेरून ठेवतात आणि उत्तररंगात तो उगवतो. इथे ती पेरणी आधीच्या कथेत आणि पीक नंतरच्या कथेत, असा उलटा हिशेब आहे.

पाचवा तुकडा थट्टेचा. परग्रहावरच्या दारूच्या गुत्त्यात बिनकेसांच्या मोठ्या डोक्यांचे काही प्राणी बँड वाजवत असतात. लुकासने कल्पना दिली होती, की दूरच्या भविष्यातल्या जीवांना १९३०च्या दशकातले बेनी गुडमनचे जॅझ कुठेतरी पुरलेले सापडले, तर ते कसे वाजवतील? विल्यम्सने सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांच्या जोडीला त्रिनिदादचे स्टीलचे ड्रम घेतले. आमच्या घरातल्या लहानांचा हा पहिल्या पसंतीचा तुकडा, आणि खरे सांगायचे तर काही मोठ्यांचाही.

सहावा तुकडा आपल्याशी थेट नाते सांगतो. १९९९च्या चित्रपटातल्या अंतिम द्वंद्वयुद्धाला समूहगायन आहे, आणि त्याची भाषा संस्कृत आहे. रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकात आलेल्या एका प्राचीन वेल्श काव्याच्या ओळी विल्यम्सने संस्कृतात उतरवून घेतल्या आणि मग त्यांतली अक्षरे नादासाठी मागेपुढे केली. त्यामुळे कितीही कान टवकारले तरी सलग वाक्य हाती लागत नाही. आमच्यातल्या अथर्वशीर्ष मुखोद्गत असणाऱ्या मंडळींनी प्रयत्न करून पाहिला आणि नाद सोडला.

यावर आमच्यात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की अर्थ मोडून नुसते उच्चार घेणे म्हणजे संस्कृतचा वापर मसाल्यासारखा करणे. दुसऱ्या बाजूने विचारले, अथर्वशीर्षाची आवर्तने शेकडो कंठांतून घुमतात, तेव्हा प्रत्येकाला प्रत्येक पदाचा अर्थ त्या क्षणी ठाऊक असतो का? अंगावर काटा येतो तो आधी नादाने. आम्हांला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. पण एक फरक विसरू नये. आपल्या आवर्तनांमागे अर्थ शाबूत आहे, ज्याला हवा त्याला तो मिळू शकतो. तिथे तो मुळातच पुसला गेला आहे. युद्धप्रसंग म्हणून तो तुकडा थरारक आहेच; मात्र त्याला मंत्र म्हणू नये.

मुंबई, गोवा आणि बडोदे

‘स्टार वॉर्स’चे संगीत चित्रपटगृहाबाहेर, मैफलीच्या मंचावर नेणाऱ्यांत एक मुंबईकर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. झुबिन मेहता १९३६ साली मुंबईत जन्मले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. झुबिन शिकायला गेले ते व्हिएन्नाला. पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे ते संगीतसंचालक झाले. नोव्हेंबर १९७७मध्ये, चित्रपटाला सहा महिने होतात न होतात तोच, हॉलिवूड बोलच्या खुल्या प्रेक्षागारात त्यांनी या संगीताची मैफल केली आणि त्याची ध्वनिमुद्रिकाही काढली. अभिजात संगीतातल्या काही मंडळींनी चित्रपटाच्या संगीताला तेव्हा नाके मुरडली असतीलही. या मुंबईकराने मात्र ते मोझार्ट-बीथोव्हेन वाजवणाऱ्या वादकांपुढे ठेवले.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही मोठे वाद्यवृंद होते, आणि त्यांचा कणा गोव्याचा होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले पोटासाठी मुंबईला आली. सी. रामचंद्रांच्या संगीतामागे चिक चॉकलेटचा ट्रम्पेट होता, शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनांच्या लाटा सेबॅस्टियन डिसूझा कागदावर उतरवत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागांवर सिंफनी रचून मुंबईत मैफली केल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव एका गाण्यात अमर केले, तेही १९७७ सालीच. लंडनमध्ये मर्फीचा ट्रम्पेट घुमला त्याच वर्षी आपण ‘अमर अकबर अँथनी’ पाहून ते नाव गुणगुणत होतो. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते?

पुढे दोन वाटा फुटल्या. तिकडे ‘स्टार वॉर्स’नंतर वाद्यवृंद परत आला. इकडे सिंथेसायझर आणि एकेक पट्टी वेगळी ध्वनिमुद्रित करण्याचे तंत्र आले आणि नव्वदीच्या दशकापर्यंत मुंबईच्या स्टुडिओंतल्या व्हायोलिनवादकांच्या रांगा ओस पडल्या. पन्नास-साठ जणांनी एकत्र बसून, एकमेकांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून वाजवण्याचे ते काम संपले. सेलो खुंटीला लागले, मुलांनी दुसरे उद्योग धरले. यात कोणा एकाचा दोष नव्हता; स्वस्त आणि सोयीचे ते जिंकले. पण १९७७ साली लंडनलाही स्वस्त आणि सोयीचे उपलब्ध होतेच. तिथे दोघा माणसांनी ते नाकारले, एवढाच काय तो फरक.

बडोदेकरांना तर हा विषय परका वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली आणि गाणे कागदावर लिहिता यावे म्हणून स्वरलिपी घडवली. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावात भरली. गाणे गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाते हे खरेच. पण ते लिहून ठेवले, अनेकांनी एकत्र शिकले, तर अधिक काळ टिकते, हा विचार इथे शंभर वर्षांपूर्वी रुजला आहे. ऐंशी माणसांचा वाद्यवृंद चालतो तो याच विचारावर.

व्हिएन्नाला परत

या इतिहासाचे एक वर्तुळ अलीकडेच पूर्ण झाले. जानेवारी २०२०मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा जॉन विल्यम्स व्हिएन्नाला गेला आणि तिथल्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. ज्या शहरातून स्टायनर निघाला, ज्या शहराची दारे कोर्नगोल्डला बंद झाली, त्याच शहराच्या सुवर्णमहालात त्यांच्या वारसाने आपले संगीत वाजवून घेतले. व्हेडरची कूच वाजवायचीच, असा आग्रह तिथल्या पितळी वाद्यांच्या वादकांनीच धरला होता. चित्रपटातल्या साम्राज्याच्या गणवेशात, सैनिकांच्या नावात नाझी जर्मनीचा ठसा उघड दिसतो. ज्या राजवटीने संगीतकारांना देशोधडीला लावले, तिची व्यंगप्रतिमा असलेली कूच व्हिएन्नाच्या वादकांनी हौसेने वाजवावी आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर करावा, याहून मोठा न्याय सुरांच्या दरबारात दुसरा कोणता?

ज्यांना हे संगीत प्रथमच ऐकायचे आहे त्यांनी घाई करू नये. चित्र बंद ठेवावे. आधी दोन सूर्यांच्या मावळतीची धून ऐकावी, मग व्हेडरची कूच, मग १९८३च्या चित्रपटातला तिचा हार्पवरचा शेवट, आणि त्यानंतर लहानग्या मुलाची धून. घरातल्या मुलांना शेजारी बसवावे आणि धून कुठे लपली आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. ती आपल्याआधी शोधतील, याची आम्हांला खात्री आहे. २०१९च्या शेवटच्या चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा तेच दोन सूर्य मावळतात आणि पुन्हा तीच पहिली धून येते. बेचाळीस वर्षांनी ऐकणारा बदललेला असतो. सूर तेच असतात.

आणि एक विनंती आपल्या सर्वांनाच. आरतीच्या वेळी ध्वनिमुद्रित आरती लावणे सोयीचे असते, हे आम्हांला कळते. पण आपल्याच मंडळींत कोणी संवादिनी वाजवते, कोणाचा नातू तबला शिकतो आहे, कोणाची सून व्हायोलिनच्या वर्गाला जाते. त्यांचा सूर कधी कमी लागेल, ताल कधी घसरेल. तरीही या उत्सवात दहा दिवसांतली निदान एक आरती त्यांच्या हातांनी होऊ द्यावी. यॉर्कशरच्या गिरणीतल्या बँडमध्येही सुरुवातीला सगळ्यांचा सूर नक्कीच लागत नसेल. कोणीतरी त्यांना एकत्र बसवले, वाजवू दिले, म्हणून पुढे एका फुंकरीने आकाशगंगा उघडली.

गणपती बाप्पा मोरया!